टाकीतलं मीठ

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की टाकीत मीठ टाकायचं, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालंय. ऐरोलीच्या आमच्या हॉलमधल्या ६० लिटरच्या टाकीत लिटरला २ ग्रॅम या हिशेबाने १२० ग्रॅम खडेमीठ गेलं, मासे टवटवीत झाले आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. टाकलेलं मीठ बाहेर कसं काढायचं? गाळून ते निघत नाही, फिल्टरला त्याचं सोयरसुतक नाही. खारं पाणी उपसायचं आणि गोडं ओतायचं, एवढाच मार्ग.

एका वेळी १५ लिटर, म्हणजे पाव टाकी. चारदा बदललं की ६० लिटर झाले, मीठ संपलं, असं कुणालाही वाटेल. पण दुसऱ्या खेपेला उपसतो ते पाणी आधीच जरा अळणी झालेलं असतं. १२० चे ९० होतात, ९० चे साडेसदुसष्ट, मग साधारण ५१, मग ३८. टाकीभर पाणी बदललं तरी जवळपास एक तृतीयांश मीठ ठाण मांडून बसलेलं.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला भाचा हे ऐकून भलताच खूश झाला. "आत्या, हा तर आमच्या एम-टूचा, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरचा प्रश्न!" एका नळीने गोडं पाणी आत, दुसरीने तेवढंच बाहेर, तर अमुक मिनिटांनी मीठ किती? मिनिटाला ३ लिटर सोडलं तर २० मिनिटांत ६० लिटर आत येतात आणि उरतं ३७ टक्के, म्हणजे ४४ ग्रॅम. मगाने उपसण्यापेक्षा जास्तच! कारण आताच आलेलं गोडं पाणीही लगेच बाहेरच्या वाटेला लागतं. निम्मं व्हायला सुमारे १४ मिनिटं, उरलेल्याचं निम्मं व्हायला आणखी १४. कागदावर शून्य कधी येतच नाही. साबणाच्या बादलीवर नळ सोडून गप्पा मारणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

मे महिन्यात पंख्याखाली टाकीचं पाणी दोन बोटं खाली जातं. तेवढी भर घातली म्हणजे मीठ कमी झालं असं नव्हे. उडालं ते नुसतं पाणी. मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांचा धंदा याच्यावरच उभा राहिला. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असलेलं समुद्राचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, बाकीचं ऊन बघून घेतं.

भाच्याच्या गणितात एक ओळ असते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही: 'पाणी सतत नीट ढवळलेलं आहे असे समजा.' मी खडे टाकले तेव्हा काचेला नाक लावून पाहत होते. खडा वाळूवर जाऊन बसला, त्याच्याभोवतीचं पाणी थरथरल्यासारखं दिसू लागलं आणि ती जड खारी धार वर न येता तळाशीच पसरली. वर गोडं, खाली खारं. फिल्टरच्या बुडबुड्यांनी ते एकजीव होईपर्यंत भाच्याचं सूत्र माझ्या टाकीला लागू नव्हतं.

मग मी त्याला ठाण्याच्या खाडीचं गणित घातलं. पावसाळ्यात वरून गोडं पाणी येतं, खारेपणा उतरतो. तर सांग, किती दिवसांत किती? त्याने वही उघडली, 'बाहेर जाणारं पाणी' असं लिहिलं आणि थांबला. इथे बाहेर गेलेलं पाणी भरतीला दिवसातून दोनदा परत येतं.

"आत्या, हे परीक्षेला नाहीये," म्हणाला आणि वही मिटली.