हात आखडता घ्या

धन्याचा दाणा म्हणजे खरं तर फळ, आत बहुधा दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच रगडून त्याच्या दोन फाका कराव्यात, आठ-दहा तास भिजवाव्यात आणि सेंटीमीटरभर मातीखाली झाकाव्यात. घरच्या भाजीबागेतलं मजेचं काम इथे संपतं, आणि पंचाईत इथेच सुरू होते. कोथिंबीर वर यायला ८ ते १५ दिवस घेते. चौथ्या दिवशी ‘आलंय का’ म्हणून माती उकरणारं बोट नेमका कोवळा मोड मोडून ठेवतं. ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी मेथीपासून सुरुवात करावी. ती तीन-चार दिवसांतच डोकं वर काढते.

हात सैल सोडावा तो कुंडीच्या बाबतीत. पालेभाज्यांचं १५ ते २० सेंटीमीटर खोलीत भागतं. टोमॅटोला मात्र १५-२० लिटर माती मावेल असं भांडं हवं. दोन भाग माती, दोन भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण चालतं. नुसती माती चार पाण्यांत दगडासारखी बसते. तळाशी खडीचा थर देण्याची जुनी सवय मात्र सोडावी. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, तिच्या वरच अडून राहतं, म्हणजे चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

उन्हाची कसर खताने भरून निघत नाही. फळभाज्यांना रोज सहा तास ऊन लागतं. तीन-चारच तास मिळत असेल तर पालक, मेथी लावावी आणि टोमॅटोचा नाद सोडावा.

पाण्याचं वेळापत्रक ठरवू नये. बोट दोन पेरं मातीत खुपसावं. ओल लागली तर तांब्या परत जागेवर. दुपारी पानं मलूल पडली आणि सकाळी पुन्हा ताठ झाली तर काही बिघडलेलं नाही. माती ओली असूनही सकाळी रोपाने मान टाकलेली असेल, तर मुळं गुदमरून कुजताहेत. त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून रोप तहानलेलं दिसतं. आणि आपण आणखी पाणी ओततो! इवली रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात, तेही बहुधा दाट पेरणी आणि सततची ओल यांमुळेच.

सगळ्यात जिवावर येते ती विरळणी. मुळ्याच्या दोन रोपांत ७-८ सेंटीमीटर अंतर हवं, नाहीतर वर पाल्याचं रान आणि खाली दोरा. नको असलेली रोपं उपटू नयेत, शेजारणीची मुळं हलतात. कात्रीने मातीलगत कापावीत.

टोमॅटोचा पाला हिरवागार आणि फुलांचा पत्ता नाही, असं झालं तर नत्र जास्त झालंय; खत थांबवावं. फळाचं बूड काळं पडलं तर कॅल्शियम तिथवर पोहोचलेलं नाही. मातीत ते नसतंच असं नाही. एक दिवस दुष्काळ, एक दिवस पूर, अशा पाण्याने त्याची वाट तुटते. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं टाकून लगेच काही होत नाही, ती कुजायला फार वेळ लागतो.

काकडीची पहिली फुलं गळतात तेव्हा औषध शोधू नये. ती नरफुलं असतात. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच दिसते. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळीच ताजं नरफूल तोडावं, पाकळ्या काढाव्यात आणि मधला पराग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवावा. तीन-चार दिवसांत काकडी फुगू लागली तर जमलं. पिवळी पडून गळली, तर पुढचं मादीफूल उमलेल त्या सकाळी पुन्हा.