ताडोबात सस्तन प्राण्यांचं पुस्तक वापरताना

ताडोबाला जाणारा प्रत्येक जण वाघ मागतो. मोहर्लीच्या गेटमधून आत गेल्यावर आम्हाला तो दिसलाही, पण वाघ ओळखायला पुस्तक लागत नाही. लागतं ते मुंगसाला.

जिप्सीसमोरून एक पळालं. पुस्तकातल्या वितरणाच्या नकाशात, म्हणजे प्राणी कुठे आढळतो ते रंगाने दाखवणाऱ्या नकाशात, साधं मुंगूस आणि तांबूस मुंगूस, दोघांचाही रंग ताडोबावर पसरलेला, म्हणजे नकाशाकडून निकाल नाही. शेपटीचं टोक काळं, वर वळलेलं: तांबूस. माकडांचं उलट आहे, तिथे नकाशाच निकाल देतो. पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही ढोबळ सीमा धरली, तर दक्षिणेला टोपी माकड आणि उत्तरेला ऱ्हीसस माकड. अलीकडे ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय, म्हणून सीमेजवळ शेपटी बघा. टोपी माकडाची बरीच लांब असते.

खरी पंचाईत बिनशिंगी माद्यांची. भेकर की चौसिंगा? नराला चार शिंगं दिसली की प्रश्नच मिटतो, पण मादी उभी असेल तर पुढच्या पायांवरची गडद रेघ शोधा. ती असली तर चौसिंगा. चितळ-सांबराची पानं मात्र बिनधास्त उलटा, त्यात वेळ घालवू नका.

निघण्याआधी जिल्ह्यावर रंग असलेल्या प्राण्यांची यादी करा आणि मग प्रत्येकाच्या अधिवासाची ओळ वाचा. काळवीट आणि लांडगा यांचा रंग विदर्भावर दिसला तरी ते उघड्या माळरानाचे प्राणी. साग-बांबूच्या दाट जंगलात त्यांची वाट बघू नये. नकाशातला रंग एवढंच सांगतो की या पट्ट्यात कुठेतरी तो आहे. पुस्तक जुनं असेल तर वानरांचं पान जपून वाचा: पूर्वी एकच मानलेल्या जातीच्या आता अनेक जाती केल्या आहेत.

वाचन आदल्या रात्रीच उरका, हलत्या जिप्सीत अक्षरं लागत नाहीत. मंगळवारी पार्क बंद असतो, पावसाळ्यात कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभाही. आणि भारतातल्या चारशेहून जास्त सस्तन प्राण्यांत निम्म्याहून जास्त वटवाघळं आणि उंदीर-खारींच्या कुळातले आहेत. त्या पानांसाठी सफारीचे पैसे घालू नका, अंधार पडल्यावर मुक्कामाच्या अंगणातच बसा.