सितैन की तिसैन

डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत मला पाच सेमिनार द्यायचे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी किती वेळ लागतो, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. वीस मिनिटांच्या मांडणीमागे काळाघोड्याच्या पुराभिलेखागारातले आठ-दहा दिवस असतात. संध्याकाळी फाइल परत करायची, डोंबिवलीची गाडी पकडायची आणि रात्री जेवणं उरकल्यावर टिपणं काढायची.

तिसरा सेमिनार एका मोडी कागदावर होता. रायगड जिल्ह्यातल्या एका घरातला हा कागद, मूळ पत्राची नक्कल असल्यामुळे त्यावर शिक्का नाही. माझ्याकडे त्याची झेरॉक्स होती. गावच्या गणपतीला सरकारातून मिळणारा तांदूळ यंदा निम्म्यावर आला, अशी तक्रार त्यात आहे. ‘श्रीमंत माधवराव’ असा उल्लेख आहे, पावसाने वाट बंद झाल्याचंही लिहिलंय. तारखेच्या जागी ‘छ ३ मोहरम, सन सलास’, मग घडी, मग ‘मया व अलफ’.

हे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना; ‘छ’ ही चांद्र महिन्यातल्या तारखेची खूण. आकडे अरबी शब्दांत लिहितात: सलास म्हणजे तीन, मया शंभर, अलफ हजार. मधला दशकाचा शब्द नेमका घडीत गेला होता. शेवटचं ‘ैन’ स्पष्ट दिसत होतं. त्याआधीच्या दोन अक्षरांतलं पहिलं पुसलेलं, दुसऱ्याचा नुसता खालचा फराटा उरलेला. तिथे सितैन असेल तर साठ, तिसैन असेल तर नव्वद. स आणि त यांची फक्त अदलाबदल. मोडीत इकारही एकच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घावरून काही कळण्याचा प्रश्नच नाही. सितैन धरलं तर सन ११६३, त्यात ५९९ मिळवले की १७६२. तिसैन धरलं तर १७९२.

मी सितैन वाचलं. १७६२ म्हणजे पानिपतानंतरचं दुसरं वर्ष, थोरले माधवराव गादीवर, खजिना रिकामा, म्हणून देवाचा तांदूळ कापला. मांडणी झाली. टाळ्या पडल्या. चर्चा राज्यसंस्था आणि धर्मसंस्था यांवर पाऊण तास रंगली. कागद पडद्यावर होता, पण घडीकडे एकानेही बोट दाखवलं नाही. आपल्याकडे इतिहासात पदव्या घेणाऱ्यांतले बहुतेक जण मोडी वाचतच नाहीत. पंधरा दिवसांचा वर्ग, एक प्रमाणपत्र, संपलं. लिप्यंतर जो करेल त्याच्या शब्दावर बाकीच्यांनी इमारत बांधायची, ही पद्धत घातक आहे असं माझं ठाम मत झालंय.

चूक सापडली ती चौथ्या सेमिनारच्या तयारीत. जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इंग्रजी तारखांशी जुळवायची कोष्टकं, उघडलेलीच होती, म्हणून मोहरमची तीन तारीखही काढून पाहिली. आधी काढली नव्हती, कारण वेळ नव्हता आणि वर्ष मिळालं होतं. दोन्ही वर्षं शेजारी मांडली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे मोहरम दरवर्षी मागे सरकतो. पण तीस वर्षांत तो जवळजवळ पूर्ण फेरी मारून येतो. १७६२चा मोहरम जुलैअखेरीस सुरू होतो, १७९२चा ऑगस्टच्या मध्यानंतर. दोन्हीकडे पावसाळाच. पेशवेही दोन्हीकडे माधवरावच, कारण १७९२ साली सवाई माधवराव गादीवर होते. फरक फक्त एका महिन्याचा. पहिल्या वर्षी मोहरम श्रावणात येतो, दुसऱ्या वर्षी भाद्रपदात.

आणि कागदाच्या शेवटच्या ओळीत, मी स्वतःच्या हाताने उतरवलेल्या ओळीत, होतं: ‘उदईक ऋषिपंचमी, तांदूळ पावला नाही.’

ऋषिपंचमी भाद्रपदातच येते. वाचनालयातला पंखा बंद होता, तरी मला घाम फुटला. घडीतला शब्द वाचता आला नव्हता, तिथे मी पानिपत भरलं होतं.

मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, गुण वर गेलेत. पुढच्या विषयाला लाग.” त्यांच्या डोक्यावर बावीस विद्यार्थी आहेत, हे मला माहीत आहे. तरीही पाचव्या सेमिनारच्या आधी दहा मिनिटं मागून घेतली आणि दोन्ही वर्षं फळ्यावर लिहिली. या वेळी टाळ्या नव्हत्या. पहिल्या वर्षाची एक मुलगी मात्र नंतर थांबली. म्हणाली, “ताई, भिंग आहे का? घडी बघू द्या ना.”

रविवारी मूळ कागद बघायला गेले. खिडकीशी धरून, तिरप्या उजेडात, सगळे प्रयत्न केले. ते अक्षर गेलंय ते गेलंय. पण १७९१-९२ हा दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळाचा काळ, आणि तांदूळ त्यामुळे घटला का, हा प्रश्न आता माझ्यासमोर आहे. त्या घरातल्या आजोबांना विचारलं, पुढच्या-मागच्या वर्षांचे कागद आहेत का. त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी दाखवली. वाळवी लागलीय, पण खालचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, शाबूत आहेत. मेमध्ये उघडायचे ठरलंय.