केस कापले कुणी?

रविवारी सकाळी सोलापुरातल्या कुठल्याही सलूनमधून बाहेर पडणारा माणूस घरी जाऊन 'केस कापले' असंच सांगतो. कात्री त्याच्या हातात आलेलीही नसते. तसेच आपण ब्लाउज शिवतो, घर बांधतो. शिंपी नाही, गवंडी नाही, ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

इंग्रजीला हे पटत नाही. 'आय कट माय हेअर' म्हटलं की आरशापुढे स्वतःच कात्री चालवणारा माणूस दिसतो. म्हणायचं असतं 'आय हॅड माय हेअर कट'. त्या 'हॅड'च्या आड न्हावी उभा असतो. नाव नसलं तरी त्याचं श्रेय राखलेलं. मला तर ही इंग्रजीची सचोटीच वाटते.

इंग्रजी शिकणाऱ्या माझ्या भाचीला मात्र दुसऱ्याकडून काम करवून घेण्याच्या या वाक्यांत छळच दिसतो. 'मेक'पुढे 'टू' नको, 'गेट'पुढे हवा. 'मेड हिम स्वीप', पण 'गॉट हिम टू स्वीप'. त्यात 'मेक'चं वाक्य कर्मणी केलं, की घालवलेला 'टू' परत हजर: 'ही वॉज मेड टू स्वीप'! नियम घोकण्यापेक्षा मी तिला घरातलीच माणसं दिली. बाबा करायला लावतात, तो 'मेक'. आजी गोड बोलून करून घेते, तो 'गेट'. मावशी करू देते, तो 'लेट'.

खरं तर या गावाला करवून घेण्याचं व्याकरण नवं नाही. आपलं करणं-करवणं, कन्नडचं माडु-माडिसु, तेलुगूचं चेयु-चेयिंचु. क्रियापदालाच शेपूट जोडलं की काम झालं. सोलापूरच्या पूर्व भागात तर या तिन्ही भाषा एकाच गल्लीत कानावर पडतात. इंग्रजीतही असे जुने जोड कुठे कुठे उरलेत. 'फॉल' म्हणजे पडणं आणि झाड पाडणं म्हणजे 'फेल'. 'सिट' म्हणजे बसणं, बसवणं म्हणजे 'सेट'. पडणं-पाडणं येणाऱ्याला हे अवघड का जावं?

भाचीनं शेवटी स्वतःचं वाक्य रचलं: 'माय ग्रँडमदर गेट्स मी टू इट कडक भाकरी.' आजीनं अर्थ विचारला.

"मी कुठं काय करून घेते गं? शेंगाचटणी पुढं ठेवते नि गप बसते. खायचं तर खा."

भाचीनं मुकाट्यानं 'गेट्स' खोडून 'लेट्स' केलं. 'टू' खोडायचा राहिला.