आधी कातडी मोजायची, मग औषध

एम. फार्मच्या दुसऱ्या वर्षी मी लिडोकेन हायड्रोक्लोराइडच्या जेलवर काम करत होते. बधिर करणारं हे औषध सूक्ष्मसुया टोचलेल्या त्वचेतून किती जातं आणि किती वेळात, हा माझा विषय. त्वचा म्हणून डुकराच्या कानाची कातडी वापरायची. पहिले तीन आठवडे आलेख इतके सुंदर आले की मी घरी फोन करून सांगितलं. मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "सुया न टोचलेल्या कातडीतूनही एवढं जातंय? तिचा इम्पीडन्स घेतलास?"

घेतला नव्हता. इम्पीडन्स म्हणजे कातडी वीज किती अडवते त्याचं माप.

त्वचेचा सगळा अडसर असतो तो सर्वांत वरच्या, १० ते २० मायक्रोमीटर जाडीच्या थरात. चपट्या मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये गच्च भरलेला मेद. क्षाराच्या आयनांना तो आत येऊ देत नाही, म्हणून वीजही अडते. माझं औषध पाण्यात विरघळलं की स्वतःच आयन होतं, त्यामुळे वीज जिथे अडते तिथेच तेही अडतं. मेदात सहज विरघळणाऱ्या औषधांचं तसं नाही. ती मेदातूनच वाट काढतात, आणि तिथे विजेचा आकडा फारसं काही सांगत नाही. हा फरक मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवा होता.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मैत्रिणीकडून इम्पीडन्स मोजणारा एलसीआर मीटर उसना आणला. इलेक्ट्रोडसाठी सोनाराकडून शुद्ध चांदीची तार घेतली आणि ब्लीचमध्ये बुडवून ठेवली. चकाकी गेली, तार करडी-जांभळी झाली. हा सिल्व्हर क्लोराइडचा लेप. तो नसेल तर आकडा स्थिर राहत नाही. फ्रान्झ सेल म्हणजे दोन कप्प्यांचं काचेचं भांडं: खाली ७.४ पीएचचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं पाणी, वर बफर, मध्ये कातडी. भोवतीचं पाणी ३७ अंशांवर, म्हणजे कातडीचा पृष्ठभाग साधारण ३२ वर राहतो. तासभर थांबायचं आणि मग वाचायचं. करंट उलटसुलटच हवा आणि अगदी थोडा. एकाच दिशेचा दिला तर तोच औषध ढकलू लागतो आणि कातडीही बदलते.

१०० हर्ट्झला आकडा आला २.१ किलोओहम, एक चौरस सेंटिमीटर कातडी धरून. धड कातडीला मी २०च्या वर धरून होते. वाटलं, कडेने गळतंय. क्लॅम्प आवळला, तरी तेच. दुसऱ्या कानाचे १.८. १० किलोहर्ट्झला तर हे सगळे आकडे धड कातडीसारखेच वाटतात, कारण तिथे वीज त्या थराला जुमानतच नाही. म्हणून कमी वारंवारतेलाच बघायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डुकराचे कान घ्यायला गेले, तेव्हा दुकानातल्या काकांना विचारलं, कान कसे स्वच्छ करता? ते म्हणाले, "ताई, उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय केस निघणार कसे?"

सगळं तिथेच कळलं. गरम पाण्याने वरचा थर सैल झाला होता. माझे सुंदर आलेख पोळलेल्या कातडीचे होते. तीन आठवडे गेले याचं वाईट वाटलंच. जास्त वाईट याचं वाटलं, की मॅडमनी विचारलं नसतं तर मी तेच छापलं असतं.

काकांनी त्यानंतर माझे कान वेगळे ठेवायला सुरुवात केली, थंड पाण्यात. मी केस कात्रीने कापते; वस्तरा लावला की ओरखडे पडतात. आता आकडे २२ ते ३० येतात. सुया टोचल्या की तोच आकडा पाचाच्या खाली येतो, आणि जितका खाली जातो तितकं औषध जास्त जातं, हे माझ्या सेलमध्ये दर वेळी दिसलं. कधी आकडा संशयास्पद चांगला येतो, ४५ वगैरे. तेव्हा सेल तिरका करून खाली बघते: कातडीखाली हवेचा बुडबुडा असतो. तो काढला की आकडा जागेवर.

कातडी मेलेली असल्यामुळे छिद्रं मिटण्याचा भाग मात्र मला बघता येत नाही. जिवंत त्वचेवर ती उघडी ठेवली तर काही तासांत मिटत जातात, झाकली तर दिवसाहून जास्त टिकतात, आणि तेही इम्पीडन्सनेच मोजलं गेलंय.

परवा पहाटे काकांचा फोन आला, "ताई, चार कान ठेवलेत." चारांतला एक ९ किलोओहम भरला. भिंगाखाली पाहिलं, तर एका जागी जुन्या चाव्याचा व्रण होता. तो टाकला आणि तीन लावले.