नागपूरचा स्विमिंग पूल, कासवांचं बेट आणि राहून गेलेली एक सही

पाचव्या रकान्यात ना तारीख होती, ना सही.

मी बँकेत आहे. केवायसीच्या फॉर्मवर तारीख नसली की तो फॉर्म काउंटरवरून परत सरकवायचा, हे काम मी २१ वर्षं करते आहे. आणि थायलंडच्या को ताओ बेटावर, डाइव्ह सेंटरच्या काउंटरपलीकडच्या मुलीने माझाच कागद तसाच, त्याच सौजन्याने माझ्याकडे परत सरकवला. नागपुरात घेतलेल्या स्कूबा प्रशिक्षणाचा तो कागद दहा महिने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपला होता. नीट वाचला मात्र नव्हता.

सुरुवात तारकर्लीला झाली. कुटुंबासोबत सहलीला गेलो होतो, तिथे प्रशिक्षकाने मागून सिलिंडर धरून मला पंधराएक मिनिटं पाण्याखाली फिरवलं. मी त्याला ‘स्कूबा केलं’ म्हणत होते. नंतर कळलं, की ती नुसती चव होती. स्वतःच्या जबाबदारीवर, जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जायचं तर ‘ओपन वॉटर’चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे तीन भाग: अभ्यास आणि परीक्षा, मग स्विमिंग पुलातली पाच सत्रं, मग समुद्रातले चार डाइव्ह. पहिले दोन एका गावी आणि तिसरा दुसऱ्या गावी करता येतो, त्याला रेफरल म्हणतात. घरच्या प्रशिक्षकाने काय काय करून घेतलं ते फॉर्मवर तारीख-सहीनिशी लिहायचं आणि पुढच्याने तिथून हाती घ्यायचं. मुदत शेवटच्या सत्रापासून १२ महिने.

हे सगळं मालवणात, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर, अंदमानात होऊ शकलं असतं. पण नणंद बँकॉकला राहते, तिच्याकडे जायचं दोन वर्षं घाटत होतं, आणि माझ्या शिल्लक रजा मोजून आठ. पुलाचा भाग इथेच उरकला की तिकडे दोनच दिवस लागतात, हा माझा हिशोब. सासूबाईंचा हिशोब वेगळा होता. “काऊन वं, सुट्ट्या काढून पाण्यात बुडाले जातं का?”

पुण्याहून एक प्रशिक्षक दोन शनिवार-रविवार नागपुरात येणार होता. गाडीच्या डिकीत भरलेले सिलिंडर घेऊन. इथे ते भरायची सोय नव्हती. त्याआधी त्याने तब्येतीचा फॉर्म पाठवला, आणि तिथे पहिली अडचण. लहानपणी माझा कान फुटायचा. शिवाय वय ४६ आणि कोलेस्टेरॉल जरा वर. दोन्हीकडे ‘हो’ लिहावं लागत होतं. ग्रुपमधल्या एकाने सरळ सल्ला दिला, “मॅडम, सगळीकडे ‘नाही’ मारा, कोण बघतं?” मी मारलं नाही. ‘हो’ म्हणजे नकार नव्हे, डॉक्टरची सही लागेल एवढंच. धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, नाक दाबून हवा फुंकायला लावली, आत पाहत राहिले आणि म्हणाले, पडदा हलतो आहे, जा. फिजिशियनकडे मात्र ईसीजी आणि दोन तासांची रांग.

एप्रिलचा महिना. उन्हाळी शिबिराची पोरं आठ वाजता पुलात उड्या मारायची, म्हणून आम्हाला सहाला बोलावलेलं. आधी २०० मीटर न थांबता पोहायचं, मग दहा मिनिटं तरंगायचं. ते जमलं. खोल बाजू १२ फूट, त्यात गुडघे टेकून बसायचं आणि एकेक कौशल्य करून दाखवायचं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा ज्यातून घेतो ते तोंडातलं यंत्र, काढून पुन्हा शोधणं, जोडीदाराच्या सिलिंडरवर श्वास घेणं, हे मला सोपं गेलं. अडलं ते मास्कपाशी.

मास्कमध्ये पाणी भरू द्यायचं, मग वरची कड कपाळावर दाबून, मान थोडी वर करून नाकाने हळूहळू हवा सोडायची. हवा वरच्या बाजूला साठते आणि पाणी खालच्या कडेतून निघून जातं. कागदावर इतकं सरळ. पण नाकाला पाणी लागलं की माझं शरीर माझं ऐकतच नसे. तोंडाने श्वास चालू असताना नाक आपणहून आत ओढायचं आणि ठसका. तीनदा मी थेट वर आले. तेव्हा निभावलं, पण असं धावत वर आलं आणि श्वास रोखलेला असला, तर १२ फुटांतूनही फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. म्हणूनच हे आधी पुलात, प्रशिक्षकासमोर करून घेतात. शेवटी मी एक चोरवाट काढली: पाणी शिरू द्यायच्या आधीच श्वास धरायचा, पटकन फुंकायचं, डोळे मिटलेलेच. प्रशिक्षकाने अंगठा आणि तर्जनीचा गोल केला. पाण्याखाली ओकेची खूण ती. अंगठा वर केला तर अर्थ होतो ‘वर चला’. त्याला दुपारची गाडी गाठायची होती, मलाही निकाल हवा होता. सह्या झाल्या. झाल्या असं मी समजले.

आम्ही मेमध्ये निघणार होतो. पण बाबांचं मांडीचं हाड मोडलं आणि सगळं फेब्रुवारीवर गेलं. त्या महिन्यांत ती चोरवाट मला खुपत राहिली. मग गच्चीवर सासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळात पाणी भरलं, स्नॉर्कलची श्वासाची नळी तोंडात धरली आणि मास्क न लावता तोंड पाण्यात घातलं. पहिल्या दिवशी चार श्वास. दिवाळीपर्यंत पाच मिनिटं. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारलं, हे कोणतं व्रत आहे?

बँकॉकहून रात्रीची बस, चुंफोन, तिथून पहाटेची बोट. बोट हलली आणि अर्धे प्रवासी आडवे झाले. ताओ म्हणजे थाई भाषेत कासव. १९३३ ते १९४७ या काळात थायलंडचे राजकीय कैदी याच बेटावर ठेवत असत, हे वाचून अंदमानची आठवण झालीच. आता जिकडेतिकडे सिलिंडर आणि स्कूटर.

तर, पाचवा रकाना. पुण्याच्या प्रशिक्षकाला फोन केला, मेसेज टाकला, सेंटरनेही मेल केला. उत्तर नाही. आमची थाई प्रशिक्षिका जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. ती म्हणाली, वाट बघत बसायला नको, पाचवं सत्र पुन्हा करू, आणि त्यासोबत बाकीचंही एकदा दाखव. सह्या पूर्ण असत्या तरी दहा महिन्यांच्या खंडानंतर तिने मला आधी पुलात उतरवलंच असतं, असंही म्हणाली. जादा पैसे द्यावे लागले. मनातल्या मनात मी पुण्याच्या दिशेने बरंच बोलून घेतलं.

पुलात तिने मास्क काढायला सांगितला आणि तो लगेच परत दिला नाही. मी घंगाळातल्यासारखे श्वास मोजत बसले. ती समोर बसून होती. एका मिनिटाने तिने मास्क हातात ठेवला. या वेळी मी डोळे उघडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी समुद्रात, जॅपनीज गार्डन्स नावाच्या जागी. खाली जाण्यासाठी कमरेला बांधतात ते शिसं पुलात ४ किलो पुरेसं झालं होतं, इथे खारं पाणी आणि अंगात सूट, त्यामुळे मी बुचासारखी वर. ६ किलो लागले. आणि ज्या कानाची मला काळजी होती, त्याने तीन मीटरवर दार लावून घेतलं. मी तळवा आडवा हलवला, मग कानाकडे बोट दाखवलं. तिने मला अर्धा मीटर वर घेतलं. नाक दाबून हलकेच फुंकलं, कानात टक् झालं, मग खाली. पुन्हा वर, पुन्हा फुंकणं. बाकीचे तिघे वाळूवर गुडघे टेकून आमची वाट पाहत होते. दुखायला लागण्याआधीच, हात-दीड हात उतरलं की कान मोकळा करायचा, हे १२ फुटांच्या पुलात मला नीट कळलंच नव्हतं.

चौथा डाइव्ह व्हाइट रॉकला. तिथे टायटन ट्रिगरफिश नावाचा मासा घरटं राखतो. त्याचा इलाका घरट्यापासून वर वर रुंद होत जातो, नरसाळ्यासारखा. म्हणजे घाबरून वर पळालं की आणखी त्याच्याच हद्दीत. आडवं निघून जायचं. प्रशिक्षिकेने बोटांचं पिस्तूल केलं तेव्हा मी आधी हसले, मग तो दिसला. जवळजवळ माझ्या हाताएवढा, दात बाहेर. त्याच्याकडे पायातले फिन्स करून आडवी निघाले. त्या गडबडीत मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी ते पोहतापोहता काढून टाकलं. वर येताना पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्याला थांबलो तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

पैसे वाचतील म्हणून कोणी रेफरल करू नये. दोन ठिकाणची फी मिळून अख्खा कोर्स तिथेच करण्यापेक्षा जास्त खर्च आला. दिवस वाचले, एवढं खरं. मला मात्र त्या मधल्या दहा महिन्यांचाच जास्त उपयोग झाला. परतीचं तिकीट काढताना एक बघावं: अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यायला सांगतात, शरीरात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून. को ताओला विमानतळच नाही, बोट आणि बस यांतच माझे बरेचसे तास गेले.

चुंफोनच्या धक्क्यावर उतरले तेव्हा फोनवर दोन गोष्टी येऊन पडल्या होत्या. एक प्रमाणपत्र, पोहून आलेल्या केसांच्या फोटोसकट. दुसरा पुण्याहून मेसेज: “सॉरी मॅडम, ट्रेकला होतो. सही राहिली का? आता करून पाठवू?”

मी अंगठा पाठवला. मग तो डिलीट करून बोटांचा गोल पाठवला.