बादलीतली बोईटं जगली तर दिवस आपला

कयाक फिशिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो रॉड कुठला, दुसरा रील कुठलं, आणि तिसरा म्हणजे ती होडी पलटी होते का हो. जिवंत आमिष घेऊन जाणार असाल तर चौथा प्रश्न खरा महत्त्वाचा, आणि तो कोणीच विचारत नाही, की पाच-सहा तास ते आमिष जिवंत ठेवणार कसं. भरती-ओहोटीच्या पाण्यात मासा खाण्यावर येतो तो ठराविक वेळेलाच, मधले तास नुसते काढायचे असतात, आणि नेमकी ती वेळ आली की बादलीत पोटं वर करून तरंगणारी बोईटं (खाडीतले छोटे मासे, तेच आपलं आमिष) असतील तर दोन हजाराचा रॉड काय आणि वीस हजाराचा काय, सगळं सारखंच. परवाचा दिवस ह्या बाबतीत मस्त जमला म्हणून लिहायला बसलोय, मासा केवढा वगैरे नंतर सांगतो.

आधी पाणी. अमावास्या-पौर्णिमा झाली की पुढचे एकदोन दिवस उधाण जोरात असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि त्या ओढीत कयाक धरून ठेवायची म्हणजे दिवसभर नांगराशी कुस्ती. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी इतकं आळशी असतं की आमिष आणि मासे दोघं सुस्त. मला जिवंत आमिषासाठी मधलं पाणी आवडतं, परवा भरती-ओहोटीतला फरक साधारण तीन मीटरचा होता. भरती सकाळी पावणेसातला पूर्ण, म्हणजे सुकती, पूर्ण ओहोटी, एकच्या सुमाराला (दोन भरत्यांमधे १२ तास २५ मिनिटं धरायची, म्हणून तर रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते).

आता हे तीन मीटर पाणी सहा तासात सारखं उतरत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी मासेमारी समजली. बाराव्या भागांचा जुना ठोकताळा आहे, पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे तीन मीटरच्या हिशोबाने पहिल्या तासात फक्त २५ सेंटीमीटर आणि मधल्या दोन तासात मिळून दीड मीटर! त्या मधल्या दोन तासात ओढ अशी असते की छोटं आमिष तळाला टिकतच नाही, गरगर फिरतं आणि दमून मरतं. ठोकताळाच आहे तो, प्रत्येक खाडीत तंतोतंत लागू होत नाही, शिवाय भरती-ओहोटीचं टेबल बंदराचं असतं आणि खाडीत वर आतपर्यंत पाणी वळायला उशीर होतो, तो उशीर आपला आपण बघून ठेवायचा. चंद्र डोक्यावर आला की मासे खातात हा सोल्युनार प्रकार १९२६ पासून चालत आलाय, जॉन आल्डन नाईट नावाच्या माणसाने काढलेला, मोबाईलवर त्याची ॲपपण आहेत. मी बघत नाही. वाहतं पाणी बघतो.

बोईटं पकडायची ती भरतीच्या शेवटच्या तासात. पाणी चढताना छोटी बोईटं अगदी काठाला, गुडघाभर पाण्यात येऊन चरतात, आणि सकाळच्या तिरप्या उजेडात पाण्यावर बारीक बारीक टोकदार लाटा पळताना दिसल्या की तोच थवा. पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकायची ती थव्यावर नाही, थवा जातोय त्याच्या दोन हात पुढे. मोठी पाग कशाला, छोटी बरी, चिखलात ओढताना कमी त्रास. आणि पाग वर आली की खरं काम सुरू होतं, कारण बहुतेक आमिष मरतं ते बादलीत नाही, हातात मरतं. कोरड्या हाताने बोईट दाबून धरलं की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवले निघतात, आणि ते तासाभराने मरणार हे तेव्हाच ठरलेलं असतं. त्यामुळे पाग सरळ पाण्याने भरलेल्या टबावर उलटी करायची, हात लावायचाच नाही, लावायचा झाला तर ओला करून. खवले उडालेली परत पाण्यात सोडली, चार-पाच इंची तरतरीत तेवढी ठेवली.

बादली गोल हवी. चौकोनी डब्यात बोईटं कोपऱ्यात तोंड खुपसून एकमेकांवर चढतात आणि तिथेच गुदमरतात. वीस लिटरच्या बादलीत दहा-बारा, त्याच्यावर एकही नाही, कितीही मोह झाला तरी. पकडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं घाबरून ती सगळी घाण बाहेर टाकतात, पाणी गढूळ होतं, त्यात अमोनिया वाढतो, तेव्हा निघायच्या आधीच एकदा पाणी बदलून घ्यायचं आणि मग बॅटरीवरचा एअर पंप चालू. ऊन वाढलं की अजून एक भानगड, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलीग्राम मावतो तो ३० अंशांना साडेसातवर येतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. म्हणून बादलीवर ओलं फडकं, सावली, आणि अधूनमधून तांब्याभर ताजं पाणी. निघाल्यावर मात्र एकदम सगळं पाणी बदलायचं नाही, कारण खाडीत खारेपणा सारखा बदलत असतो, झटका बसतो त्यांना.

हे सगळं चालू असताना मित्र शेजारी उभा राहून चहाटळपणा करत होता. तो कृत्रिम आमिषवाला, खिशात चार लूअर टाकले की निघाला. "अरे तू मासे पकडायला चाललायस का पाळायला?" म्हणे. म्हटलं थांब जरा, अकरा वाजू दे.

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, हे कयाकवर ठेवताना विसरायचं नाही. सीटच्या मागच्या खोलगट जागेत, मधोमध, पट्ट्याने आवळून, आणि बादली काठोकाठ न भरता, नाहीतर प्रत्येक वल्ह्याबरोबर पाणी हिंदकळतं आणि कयाक एका बाजूला लचकते. लाईफ जॅकेट घातलेलं, म्हणजे अंगात घातलेलं, मागे बांधून ठेवलेलं नाही. वल्हं दोरीने बांधलेलं, शिट्टी जॅकेटला, फोन वॉटरप्रूफ पाऊचमधे, आणि घरी सांगून ठेवलेलं की कुठून उतरतोय आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोधायला लागा. मुळात कयाक हे शिकारीचंच वाहन, आर्क्टिकच्या इनुइट लोकांनी सीलच्या कातड्याने मढवून सीलच्याच मागे नेलेलं, आपली प्लॅस्टिकची आणि वर बसायची, पण पाण्याला त्याचं काही नसतं.

सातच्या सुमाराला पाण्यात उतरलो आणि ओहोटीबरोबर खाली वाहात गेलो, वल्हं नुसतं दिशा द्यायला. जाताना ओहोटी, येताना भरती, असा बेत करायचा. तीन नॉटची ओढ म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, आणि सामान लादलेली कयाक आपण वल्हवणार ताशी चार-पाचने, तेव्हा त्या ओढीच्या उलट कितीही हात मारलेत तरी तुम्ही मागेच जाणार, उगाच ताकद दाखवायला जाऊ नये.

जागा होती खारफुटीतून एक छोटी शाखा मुख्य खाडीला मिळते ते तोंड. ओहोटीला खारफुटीच्या मुळांमधलं पाणी उतरतं तसं आतली कोळंबी, बोईटं, बारकी पिल्लं सगळी नाईलाजाने त्या तोंडातून बाहेर येतात, आणि बाहेर खड्ड्यात मोठे मासे तोंड प्रवाहाकडे करून वाट बघत असतात. आतलं गढूळ पाणी आणि बाहेरचं हिरवट पाणी ह्यांच्यात फेसाची एक रेघ दिसते, त्या रेघेच्या कडेला आमिष पोचवायचं. नांगर रेघेच्या वरच्या अंगाला टाकला आणि ट्रॉलीची दोरी ओढून नांगराची कडी नाकाकडे सरकवली. ही ट्रॉली म्हणजे कयाकच्या कडेने पुढून मागे फिरणारी दोरीच, दोन टोकांना पुली, पण त्याशिवाय वाहत्या पाण्यात नांगर टाकायचा विचारही करू नका. नांगर कुशीला बांधला की प्रवाह कयाकला आडवं धरतो, प्रवाहाकडची कड खाली दबते आणि क्षणात पाणी आत. नांगर कायम नाकाला नाहीतर शेपटीला, दोरीला तरंगता बोया, आणि चाकू हाताशी.

लाईन २० पाउंडची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे ४० पाउंडचा लीडर (हूकाजवळचा जाड तुकडा), लाईनवर घसरतं शिशाचं वजन, आणि ५/० मापाचा सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गळ. प्रवाहात बोईट वरच्या ओठातून टोचायचं म्हणजे तोंड पाण्याकडे राहतं आणि ते नीट श्वास घेतं. पाठीतून टोचलं तर जास्त तडफडतं, मासे ओढून आणतं हे खरं, पण ते संथ पाण्यात, वाहत्यात पाठीतून टोचलेलं आडवं ओढलं जातं आणि बुडून मरतं, हो मासापण बुडतो. सर्कल हूकला हिसका द्यायचा नाही. मासा आमिष घेऊन वळला की हूक घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आपण फक्त लाईन ताणून रील फिरवायचं. ओकिनावाच्या साकितारी गुहेत सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे शंखाचे गळ सापडलेत, तेही वक्रच. आपण काय नवीन करतोय असं नाही.

पावणेआठ ते पावणेनऊच्या पाण्यात एक शिंगाळा आला, पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो म्हणून पक्कडीनेच हूक काढून सोडला. दुसरं काही नाही. मग ओढ वाढली, रॉड वाकून थरथरायला लागला, वजन वाढवूनही आमिष तळाला राहीना, तेव्हा नांगर उचलून शाखेच्या आडोशाला जाऊन बसलो. हे मधले दोन तास लोकांना जात नाहीत, ते आमिष बदल, जागा बदल करत बसतात आणि सगळी बोईटं घालवतात. मी बादलीत पाणी घालत बसलो. मित्र तेवढ्यात लूअर फेकून फेकून घामाघूम, आणि एक लूअर खारफुटीच्या मुळांमधे अडकून गेलेला.

अकराला परत रेघेवर. पाणी बरंच खाली गेलेलं, चिखलाच्या कडा उघड्या पडलेल्या, शाखेचं तोंड अरुंद होऊन सगळी वर्दळ एका खड्ड्यात गोळा झालेली. बादलीतली बोईटं सकाळइतकीच चपळ, हातात धरू देईनात. पहिलं खाली सोडलं आणि थोड्या वेळाने रॉडचं टोक बारीक थरथरायला लागलं. हे बघायला शिकायला पाहिजे, ही माशाची खेच नसते, हे आपलं बोईट घाबरलेलं असतं. त्याने काहीतरी बघितलेलं असतं. अशा वेळी रॉड उचलून "बघू काय झालं" करायचं नाही. टोक थरथरलं, थांबलं, परत दोनदा उडी मारल्यासारखं झालं, आणि मग एकदम टोक पाण्यात, रीलचा ड्रॅग (लाईनला लागणारा ब्रेक) कर्रर्र.

जिताडा. पहिल्याच उडीत अख्खा बाहेर आला, तोंड उघडून डोकं झटकत. नांगराची दोरी बोयासकट सोडून दिली, कारण नांगरावर राहून लढलं तर दोरीला लाईन गुंडाळणार, आणि सुटलेली कयाक मासा ओढतो तेव्हा तोच दुसरा ड्रॅग होतो, मासा लवकर दमतो. एकच नियम, रॉड नाकाच्या दिशेला ठेवायचा आणि आपलं डोकं कयाकच्या मधोमध, मासा खाली घुसला म्हणून वाकून बघायचं नाही. मुळांकडे दोनदा जायला बघत होता, दोन्ही वेळा बाजूने ताण देऊन वळवला. जाळीत आला तेव्हा साठ सेंटीमीटरच्या वर. कल्ल्याच्या झाकणाला हात लावायचा नाही, त्याची कड पात्यासारखी असते, ४० पाउंडचा लीडर उगाच नसतो.

हूक जबड्याच्या कोपऱ्यात, अर्ध्या मिनिटात निघाला. हा सोडला, आणि मोठे मिळाले तर तेही सोडतोच, कारण जिताडा लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, म्हणजे फोटोत मिरवायला जे धूड सगळ्यांना पाहिजे असतं ती बहुतेक वेळा अंडी देणारी मादी. पोटाखाली हात देऊन तोंड प्रवाहाकडे धरलं, शेपटीने हात झटकला तेव्हा सोडला. मागेपुढे हलवत बसू नका, पाणी तोंडातून आत जायला पाहिजे, मागून नाही.

त्यानंतर पाणी उभं राहीपर्यंत, म्हणजे ओढ थांबेपर्यंत, अजून एक जिताडा आणि एक तांबोशी, आणि मित्र कयाक शेजारी आणून "एखादं बोईट देतोस का रे" म्हणाला. दिलं. दोन दिली.

दीडच्या सुमाराला भरती चढायला लागली आणि तिच्यावर बसून परत वर आलो, वाऱ्याने मधे थोडा त्रास दिला कारण वारा पाण्याच्या उलट झाला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, कडेकडेने आलो. लवकर येऊन उपयोग पण नव्हता, उतरायच्या जागी तोपर्यंत मांडीभर चिखल असतो. उरलेली बोईटं जिथून घेतली होती तिथेच सोडली, दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडायची नसतात. घरी आल्यावर सगळ्याला गोडं पाणी मारलं, रीलवर जोरात फवारा नाही, हलकं, नाहीतर मीठ आत जातं, एअर पंपाची नळी पण धुवा, तिच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड मिठाने बुजतो. आणि रील ठेवताना ड्रॅग सैल करून ठेवा, आतले वॉशर दबून राहिले की पुढच्या वेळेला मासा लागल्यावर झटके देतात.